फॅमिली एसयूव्ही घेताना मालकांचे अनुभव कसे वाचावेत आणि कसे पडताळावेत

मध्यम आकाराची फॅमिली एसयूव्ही घेण्याचा विचार सुरू झाला की कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा त्या गाडीच्या मालकांचे बोलणे अधिक विश्वासार्ह वाटू लागते, आणि ते बऱ्याच अंशी योग्यही आहे. इंजिनाची ताकद माहितीपत्रकात सापडते; मागच्या सीटवर तिघे बसल्यावर मधल्याने पाय कुठे ठेवायचे, हे मात्र ती गाडी वापरणाराच सांगू शकतो. अडचण एवढीच की एकाच गाडीवर एक मालक खूश असतो, दुसरा वैतागलेला असतो आणि दोघेही खरे बोलत असतात. फरक बहुतेक वेळा गाडीत नसतो, वापरात असतो. त्यामुळे कोणाचाही अनुभव ऐकण्याआधी आपला स्वतःचा वापर कागदावर उतरवणे ही या कामाची पहिली पायरी आहे.

रोजचे एकूण अंतर लिहिण्याइतकेच एका फेरीची लांबी लिहिणे महत्त्वाचे आहे. दिवसाला चाळीस किलोमीटर म्हणजे वीस-वीसच्या दोन फेऱ्या, की चार-चारच्या दहा, यावर इंजिनाची निवड बदलते. गाडीत नेहमी किती माणसे असतात, सर्व सीट भरण्याची वेळ किती वेळा येते, लहान मुलांच्या सीट किती लावायच्या आहेत, ज्येष्ठांना उंच पायरी चढणे जमते का आणि गाडी उभी करण्याच्या जागेची मापे किती आहेत, हेही नोंदवावे. आरसे उघडे असतानाची रुंदी आणि डिकीचा दरवाजा वर उघडल्यावरची उंची मोजण्याचे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. वर्षातून एकदा होणाऱ्या लांबच्या सहलीसाठी गाडी निवडून उरलेले वर्ष तिचा आकार सांभाळत काढणारे मालक पुष्कळ भेटतात. सातवी जागा क्वचितच लागणार असेल, तर मोठ्या डिकीची पाच सीटची गाडी अधिक सोयीची ठरते, असे माझे मत आहे.

यानंतर मालकांकडे वळावे. गाडी चांगली आहे का, या प्रश्नाला फारसे उपयोगी उत्तर मिळत नाही. इंजिन कोणते, गिअरबॉक्स कोणता, उत्पादनवर्ष कोणते, चाके किती इंची आणि गाडी आतापर्यंत किती चालली, एवढे आधी विचारावे. एकाच नावाखाली पेट्रोल, डिझेल आणि हायब्रीड अशा तीन वेगवेगळ्या स्वभावांच्या गाड्या विकल्या जातात, आणि एकीची तक्रार दुसरीच्या माथी मारली जाते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण डिझेल गाड्यांचे आहे. आधुनिक डिझेल इंजिनाच्या धुरातील काजळी डीपीएफ नावाच्या फिल्टरमध्ये अडकते आणि साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी त्या फिल्टरचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते. मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने बराच वेळ चालणाऱ्या गाडीत हे काम चालकाच्या नकळत पार पडते. तीच गाडी रोज दहा मिनिटे चालवून बंद केली, तर ही प्रक्रिया अर्धवट राहते, काजळी साचत जाते, पॅनेलवर दिवा लागतो आणि शेवटी गाडी कार्यशाळेत जाते. पहिला मालक इंजिनाची तारीफ करतो, दुसरा त्याला नावे ठेवतो. यात कोणीही खोटे सांगत नाही. छोट्या फेऱ्यांचा त्रास थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो पेट्रोल इंजिनालाही होतो, कारण इंजिन पुरेसे तापत नाही तेव्हा न जळलेले थोडे पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसू शकते. थंड हवेच्या प्रदेशातील मालकांकडून ही तक्रार आली, तर आपल्या हवामानाशी ताडून मगच तिला वजन द्यावे.

गिअरबॉक्सच्या बाबतीतही प्रश्न वापराचाच असतो. कोरड्या क्लचचा ड्युअल-क्लच, म्हणजे दोन क्लच आळीपाळीने वापरणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर चपळ आणि काटकसरी असतो, मात्र वाहतूक कोंडीत इंच-इंच पुढे सरकताना त्याचे क्लच तापतात आणि गाडी हिसके देऊ लागते. क्लचऐवजी द्रवातून ताकद पोहोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचा पारंपरिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हे काम अधिक शांतपणे करतो. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक, कोंडीत अत्यंत सौम्य वागतो, पण भरल्या गाडीने चढ चढताना इंजिनाचा आवाज एकाच वरच्या पट्टीत घुमत राहतो आणि काहींना तो सहन होत नाही. म्हणून ज्याचा रस्ता आपल्या रस्त्यासारखा आहे, त्याचेच मत येथे ग्राह्य धरावे.

मायलेजचे आकडे ऐकताना ते पॅनेलवरचे आहेत की टाकी पूर्ण भरून, गाडी चालवून, पुन्हा पूर्ण भरून काढलेले आहेत, हे विचारल्याशिवाय त्यांची तुलना करू नये. पॅनेल अनेकदा थोडे उदार असते. आणखी एक गोष्ट आकड्यांच्या मोहात निसटते. लिटरला १० किलोमीटर देणाऱ्या गाडीऐवजी १२ देणारी घेतली, तर हजार किलोमीटरमागे सुमारे १७ लिटर इंधन वाचते. १६ ऐवजी १८ देणारी घेतली, तर जेमतेम ७ लिटर. फरक दोन्हीकडे दोनच किलोमीटरचा असला, तरी आधीच काटकसरी असलेल्या दोन गाड्यांमध्ये मायलेजवरून निवड करण्यात फारसा अर्थ नसतो.

पहिल्या महिन्यातील कौतुकाला मी फार महत्त्व देत नाही, कारण मोठा खर्च नुकताच केलेला माणूस आपला निर्णय बरोबर होता हे स्वतःलाही पटवत असतो. दुसऱ्या टोकाला, एखाद्याच गाडीत झालेला मोठा बिघाड कितीही तपशीलवार सांगितलेला असला, तरी तो त्या एका गाडीचा असू शकतो. खरे मोल असते ते तीन-चार वर्षे वापरलेल्या, टायरचा पहिला संच झिजवलेल्या आणि वॉरंटी संपल्यावर स्वतःच्या खिशातून दुरुस्ती केलेल्या मालकांच्या बोलण्याला. एकमेकांशी संबंध नसलेल्या मालकांनी एकाच भागाविषयी, एकाच उत्पादनवर्षाच्या गाड्यांत, जवळपास एकाच अंतरानंतर तक्रार केली, तर तो दोष गाडीचा समजावा. त्या दोषावर कंपनीने रिकॉल जाहीर केला आहे का, म्हणजे गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या आहेत का, हे गाडीच्या १७ अक्षर-अंकी ओळख क्रमांकावरून पडताळता येते. वापरलेली गाडी घेताना ही तपासणी टाळूच नये.

शोरूममध्ये काय पाहावे

ऐकलेले सर्व पडताळण्यासाठी कुटुंबासह आणि मुलांच्या सीट बरोबर घेऊन जावे. मुलांची सीट अडकवण्याचे आयसोफिक्सचे हुक अनेक गाड्यांत दुसऱ्या रांगेतील फक्त दोन कडेच्या जागांवर असतात. तेथे दोन सीट लावल्यावर मधे प्रौढ माणूस बसू शकतो का आणि त्याला स्वतःचा सीटबेल्ट लावता येतो का, हे करूनच पाहावे. तिसरी रांग असेल, तर मुलांच्या सीट न काढता तेथे जाता येते का, हे बघावे. त्या रांगेत घरातील सर्वांत उंच व्यक्तीला दहा मिनिटे बसवावे, कारण गुडघे वर येऊन मांड्या अधांतरी राहत असल्याचे दोन मिनिटांत कळत नाही. बाजूच्या पडदा-एअरबॅगचे संरक्षण तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचते का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे.

तिसरी रांग उभी असताना मागे किती सामान मावते, हा प्रश्न सातही जण प्रवास करणार असतील तेव्हा कळीचा ठरतो, आणि त्यापुढचा प्रश्न वजनाचा असतो. गाडीच्या कमाल अनुज्ञेय वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरते तेवढाच भार ती वाहू शकते. प्रत्येकी ७५ किलोची सात माणसे म्हणजेच ५२५ किलो झाले. अनेक गाड्यांत त्यानंतर सामानासाठी फारच थोडी मुभा राहते. छतावर ठेवलेले ओझेही याच हिशेबात येते, शिवाय छताची वेगळी मर्यादा मालक-पुस्तिकेत दिलेली असते.

टेस्ट ड्राइव्ह ज्या चाकांची गाडी घ्यायची, त्याच चाकांवर घ्यावी. २३५/६५ आर१७ (१७ इंची चाकाचा) आणि २३५/५५ आर१९ (१९ इंची चाकाचा) या टायरांचा एकूण व्यास जवळपास सारखाच असतो, पण पहिल्याची रबरी भिंत सुमारे १५३ मिलिमीटर उंच आणि दुसऱ्याची १२९ मिलिमीटर असते. खड्ड्याचा धक्का आधी ही भिंत झेलते, त्यामुळे मोठी चाके असलेली वरच्या श्रेणीची महागडी गाडी खराब रस्त्यावर खालच्या श्रेणीपेक्षा अधिक कडक वाटते, आणि टायर बदलण्याचा खर्चही वाढतो. दिसायला देखणी चाके घेऊन नंतर सस्पेन्शनला बोल लावणारे मालक कमी नाहीत. शक्य असेल तर रात्रीही एक फेरी मारावी. हेडलाइटचा झोत आणि डॅशबोर्डवरच्या पडद्याचा डोळ्यांत येणारा उजेड दिवसा समजत नाही.

धडक चाचणीत गाडीला मिळणाऱ्या सुरक्षेच्या ताऱ्यांबाबत चाचणी कोणत्या वर्षी झाली, हे आधी पाहावे, कारण निकष कडक होत जातात. अमेरिकेतील आयआयएचएस या संस्थेने गाडीच्या रुंदीचा केवळ २५ टक्के भाग धडकवणारी चाचणी २०१२ मध्ये सुरू केली, तेव्हा आधीच्या चाचण्यांत उत्तम ठरलेल्या कित्येक गाड्या त्यात मागे पडल्या. चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा निसरड्यावर गाडी पुढे काढायला मदत करते; ब्रेक लावल्यावर गाडी लवकर थांबवायला ती मदत करत नाही, ते काम टायरांचे आहे. उंच बोनेटमुळे अगदी समोर उभे असलेले लहान मूल चालकाला दिसत नाही, म्हणून पुढचा कॅमेरा किंवा सेन्सर ही चैन समजू नये.

गाडी घरी आल्यावर

टायरमधील हवेचा दाब चालकाच्या दरवाजाजवळच्या पट्टीवर लिहिलेला असतो तोच ठेवावा. टायरच्या कडेवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. भरल्या गाडीसाठी त्या पट्टीवर वेगळा दाब दिलेला असल्यास लांबच्या प्रवासाआधी तो भरून घ्यावा. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत एकच नवा टायर बसवणे टाळावे, कारण कमी-जास्त झिजलेल्या टायरांमुळे त्या यंत्रणेवर सतत ताण येतो. पॅनोरमिक सनरूफच्या कोपऱ्यांतील पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पानांनी आणि धुळीने तुंबल्या की आत ओल येते, तेव्हा पावसाळ्याआधी त्या साफ करून घ्याव्यात. काही हायब्रीड गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारी हवेची जाळी मागच्या सीटजवळ असते. तिच्यासमोर पिशव्या ठेवू नयेत. समोरची काच बदलावी लागली, तर तिच्यामागच्या कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे नेमकी जुळणी, करून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. लेन आणि ब्रेकची सहायक यंत्रणा त्याच्या नजरेवर अवलंबून असते.

प्रत्येक आवाज, गळती किंवा हिसक्याची तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवावेत आणि कार्यशाळेच्या जॉबकार्डवर तक्रार आपल्या शब्दांत नोंदवून घ्यावी, कारण तोंडी सांगितलेल्या तक्रारीचा वॉरंटीच्या दाव्यात उपयोग होत नाही. वॉरंटी संपण्याच्या दोन-तीन महिने आधी गाडी लिफ्टवर चढवून खालून पूर्ण तपासून घ्यावी, म्हणजे सापडलेला दोष मुदतीतच दुरुस्त होतो.