जुन्या कबरींची डागडुजी
खुलताबादेतील मलिक अंबरच्या (मृत्यू १६२६) मकबऱ्यापासून गावोगावच्या निनावी थडग्यांपर्यंत मराठवाड्यात हा वारसा विखुरलेला आहे. संरक्षित वास्तूला पुरातत्त्व विभागाच्या परवानगीविना हात लावू नये. अन्यत्र विश्वस्तांची व वारसांची संमती घेऊन प्रथम प्रत्येक शिलालेखाचे तिरप्या उन्हात छायाचित्र काढावे. आम्ल आणि तारेचा ब्रश वर्ज्य. शेवाळ साध्या पाण्याने भिजवून मऊ ब्रशने हलकेच काढावे. फटीत रुजलेला पिंपळ उपटल्यास दगडच निखळतात, म्हणून तो बुडाशी कापावा. सांधे चुन्यानेच भरावेत, कारण सिमेंट ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि जुने बांधकाम आतून खिळखिळे होते. इथल्या उन्हात चुना फार लवकर सुकतो, तेव्हा ओल्या गोणपाटाने झाकून तो काही दिवस दमट ठेवावा. कोरीव अक्षरांवर ऑइलपेंट तर कधीच चढवू नये.