साइट उघडेना, म्हणून वही उघडली

तारकर्लीला आमचं तीन खोल्यांचं घरगुती निवास आहे. भाच्याने हौसेने वेबसाइट करून दिली. वर सरकणारे सहा फोटो, सगळे थेट कॅमेऱ्यातले, एकेक पाच-सहा एमबीचा. आमच्याकडे वायफायवर झकास दिसायची. मग कुडाळ स्टेशनवरून एका पाहुण्यांचा फोन आला, "अहो, मघापासून नुसतं गोल फिरतंय. शेवटी एक माड दिसला. खोली कुठाय?"

भाच्याला काही बोललो नाही. चूक माझीच होती, साइटवर काय हवंय तेच मी त्याला सांगितलं नव्हतं.

मग वही घेतली आणि फोनवर लोक जे विचारतात ते लिहीत गेलो. दर किती, जेवणात मासे मिळतात का, शाकाहारी ताट होईल का, कुडाळहून यायचं कसं, पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी चालते का. (भर पावसाळ्यात बंद असते, हे दरवर्षी सांगावं लागतं.) 'आमच्याविषयी' कुणीच विचारलं नव्हतं, आणि मी त्यावरच दोन पानं खरडली होती! ती काढली.

मोबाइलच्या आकाराची चौकट पेन्सिलीने काढली. वर खोलीचा एकच फोटो, खाली दर, त्याखाली फोन आणि व्हॉट्सॲपचं बटण. फोटो १२०० पिक्सेल रुंद करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात साठवले, एकेक दीडशे-दोनशे केबीत बसला. साइटच्या वेगाला गुण देणाऱ्या गूगलच्या पेजस्पीड इन्साइट्सवर तपासलं, लाल आकडा हिरवा झाला.

आता फोन येतात ते थेट तारखा विचारायला. माडाचा फोटो बायकोच्या आग्रहाने ठेवलाय, पण अगदी तळाला.