आधी पॅकेज फोडा: ऑटिझमच्या 'इंटिग्रेटेड' उपचारांची पारख

तीन वर्षांचं मूल घेऊन घोडबंदर रोडला किंवा खारघरला कुठल्याही सेंटरमध्ये गेलात, की हल्ली एक रंगीत कागद हातात पडतो. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे हालचाली आणि रोजची कामं शिकवणारी), स्पीच थेरपी, गहू-दूध बंद आहार, सप्लिमेंट, हायपरबेरिक ऑक्सिजन (बंद कक्षात जास्त दाबाने दिलेला), कुठे कुठे पंचकर्मसुद्धा. सगळ्याचा मिळून एकच आकडा, सहा महिन्यांचे आगाऊ भरलेत तर सूट. मी रबाळे एमआयडीसीत औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. मुलाचं ऑटिझमचं निदान झाल्यावर असे कागद माझ्याकडेही बरेच जमले.

पॅकेज अख्खं तपासता येत नाही, ते फोडावं लागतं. वहीत प्रत्येक उपचाराला वेगळी ओळ द्या आणि पुढे लिहा: यातून नेमकं काय बदलणार, किती आठवड्यांत, देणार कोण आणि बिघडलं तर काय बिघडेल. 'ओव्हरऑल फरक पडतो' हे उत्तर घेऊ नका.

लहान मूल उपचाराविनाही वाढत असतं, ही खरी गोम. १९९८ मध्ये अमेरिकेत सिक्रेटिन या आतड्यातल्या हॉर्मोनचा मोठा गाजावाजा झाला. तीन मुलं इंजेक्शननंतर सुधारली म्हणून. पुढच्याच वर्षी काही मुलांना सिक्रेटिन आणि काहींना नुसतं सलाइन टोचून पाहिलं, कोणाला काय दिलं ते आईबापांना न कळू देता. दोन्हीकडची मुलं जवळपास सारखीच सुधारली. आमच्या लॅबमध्ये ब्लँक (औषध नसलेला नमुना) तुलनेला लावल्याशिवाय रीडिंगवर कोणी सही करत नाही. इथे तर पाच गोष्टी एकाच सोमवारी सुरू होतात आणि मूल एखादा शब्द बोललं की श्रेय सगळ्यात महागड्या गोष्टीला जातं.

म्हणून एका वेळी एकच नवी गोष्ट, आणि ती सुरू करण्याआधी दोन आठवडे नुसतं मोजायचं. आमच्या फ्रिजवरच्या कागदावर तीन रकाने होते: 'हवं ते बोटाने दाखवलं', 'हाक मारल्यावर वळला', 'लिफ्टचं दार बंद होताना रडला'. रोज रेघा ओढायच्या. 'आज मूड छान होता' याला रकाना नाही. ओमेगा-३ डॉक्टरांना विचारून सुरू केलं तेव्हा रेघांचं काम नवऱ्याकडे दिलं आणि कॅप्सूल कधीपासून देतेय ते त्याला सांगितलंच नाही. (सासूबाई: "अगं, नवऱ्यापासून लपवतेस?" हो, मुद्दाम.) रेघांत फरक दिसला नाही. बाटली संपली, दुसरी आणली नाही. कागदाच्या कडेला सर्दी-ताप, शाळेची सुट्टी, गणपतीतले ढोल हेही टिपा, नाहीतर ढोल थांबल्याचं श्रेय कॅप्सूलला मिळायचं.

पाया मात्र थेरपीचाच ठेवा, आणि त्यातही आईबापांना शिकवणाऱ्या थेरपीचा. गोवा आणि रावळपिंडीत झालेल्या एका अभ्यासात (२०१६) तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना त्यांच्याच खेळाचे व्हिडिओ दाखवून शिकवलं, आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद साधायला लागली. त्यामुळे सेंटरला विचारायचा पहिला प्रश्न: मला आत बसू देणार का? दार लावून घेणारं सेंटर मी यादीतून काढते. दुसरा प्रश्न नोंदणीचा. स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडे आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नंबर असतो. ओटीची नोंदणी महाराष्ट्राच्या वेगळ्या परिषदेकडे. नंबर मागायला लाजायचं काही कारण नाही.

आहाराचं म्हणाल तर गहू-दूध बंद केल्याने ऑटिझममध्ये फरक पडतो, असा खात्रीचा पुरावा नाही. आमचा पठ्ठ्या दूध-पोळी आणि दहीभात एवढ्यावरच जगतो. तेच काढलं तर उरतं काय? पोटाची खरी तक्रार असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ, मग कॅल्शियमचा हिशेब मांडणारी आहारतज्ज्ञ. झोपेचं तसं नाही. झोपेची ठरलेली वेळ आणि सवयी लावूनही जमलं नाही, तर मेलाटोनिन या झोपेच्या हॉर्मोनला बऱ्यापैकी पुरावा आहे, मात्र डोस डॉक्टरच ठरवणार.

पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशन (सोन्याचं भस्म घातलेलं आयुर्वेदिक औषध) द्यायचं, हा सासूबाईंचा आग्रह. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन भागातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं, हे मला माहीत होतं. मी वैद्यांकडे त्याच बॅचचा जड धातूंचा रिपोर्ट मागितला. "शास्त्रोक्त आहे, ताई," म्हणाले. रिपोर्ट आला नाही, थेंबही दिला नाही. घरात चार दिवस अबोला. आंघोळीआधीची तिळाच्या तेलाची मालीश मात्र चालू आहे. त्याला आवडते, त्यात धोका नाही, आणि ती ऑटिझमवरचा उपचार आहे असं कोणी म्हणत नाही.

काही ओळींवर सरळ काट मारा. चिलेशन (शरीरातले जड धातू औषधाने बाहेर काढणं): २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांचा मुलगा त्यात दगावला. हायपरबेरिक ऑक्सिजन: ऑटिझमसाठी मान्यता नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्येच बजावलंय. स्टेम सेल (मूळ पेशींचा उपचार): आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑटिझमसाठी ते फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतं, आणि अशा चाचणीचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. लाखांचं कोटेशन मिळालं तर तिथेच उत्तर मिळालं.

पैसे महिन्याच्या महिन्याला भरा आणि प्रत्येक थेरपीचं वेगळं बिल घ्या, थेरपिस्टच्या नोंदणी क्रमांकासह. दिव्यांग प्रमाणपत्र काढलंत की केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं विमाकवच मिळतं. त्यातून थेरपीचा खर्च मागताना ही बिलं लागतात. नवी मुंबईत राहत असाल तर खासगीत पैसे भरण्याआधी वाशीच्या महापालिकेच्या, दिव्यांगांसाठीच्या ईटीसी केंद्रात चौकशी करून या. आमच्या एका सेंटरने सुटं बिल द्यायला नकार दिला, 'सिस्टीममध्ये पॅकेजच आहे' म्हणून. त्यांना मी सांगितलं, मग सिस्टीमलाच पैसे भरू द्या.