जुन्या ट्यूब प्रीअँपला फँटम पॉवर
जुन्या ट्यूब प्रीअँपमध्ये (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या व्हॉल्व्हच्या यंत्रात) फँटम पॉवरची, म्हणजे माइकच्याच केबलमधून त्याला ४८ व्होल्ट पुरवण्याची सोय नसेल, तर त्या पुरवठ्यावर अवलंबून असलेला कंडेन्सर माइक त्यावर चालत नाही. इनपुटला ट्रान्सफॉर्मर असल्यास, नीट फिल्टर केलेल्या स्वतंत्र ४८ व्होल्ट डीसी पुरवठ्याचे धन टोक ६.८ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांमधून, प्रत्येकी एक याप्रमाणे, एक्सएलआरच्या (माइकच्या तीन पिनांच्या जोडणीच्या) पिन २ व ३ ला जोडावे आणि ऋण टोक पिन १ ला द्यावे. हे रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजून निवडावेत; दोहोंत २७ ओहमपेक्षा अधिक फरक नको, अन्यथा ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतून डीसी वाहू लागतो. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा (माइककडच्या गुंडाळीचा) मधला टॅप चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेला असेल तर तो आधी सोडवावा; नेमके हेच पाहायचे राहून जाते.

प्रीअँपचा डबा उघडण्यापूर्वी प्लग काढावा आणि उघडल्यावर कशालाही हात लावण्याआधी फिल्टर कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरवर खात्री करावी, कारण ट्यूबच्या प्लेटला लागणाऱ्या पुरवठ्याचे दोन-तीनशे व्होल्ट त्यांत बराच वेळ टिकून राहू शकतात.