अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या शिरेसाठी कॅन्युलाचा आराखडा

मोठ्या माणसाची कॅन्युला (शिरेत द्रव-औषध द्यायचं साधन: आत सुई, तिच्यावर मऊ नळी म्हणजे कॅथेटर; सुई काढली की नळी शिरेत राहते) प्रमाणात आखडून घेतली की बाळाची कॅन्युला तयार, या समजुतीवर काढलेले आराखडे पहिल्याच टोचणीत फसतात. हजार ग्रॅमच्या आतल्या बाळाच्या हातावरची शीर जेमतेम १ मिमी, बरेचदा त्याहूनही बारीक. २४ गेजच्या (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी कॅन्युला बारीक) पिवळ्या कॅन्युलाचा बाहेरचा व्यास ०.७ मिमी, २६ गेजच्या जांभळ्या कॅन्युलाचा ०.६ मिमी. आत चुकायला जागाच उरत नाही. म्हणून सुरुवात व्यासापासून नको, टोकाच्या लांबीपासून करा.

टोकाचा हिशेब

दोन लांब्या धरायच्या: सुईचा तिरका काप, आणि काप संपल्यापासून कॅथेटरच्या कडेपर्यंत उघडी राहणारी सुई. ०.४ मिमी जाडीच्या सुईला १५ अंशांचा काप दिला तर तो १.५ मिमी लांब होतो. उघडी सुई ०.८ मिमी धरली की बेरीज २.३ मिमी. आता १ मिमीच्या शिरेत ३० अंशांनी शिरल्यास वरच्या भिंतीपासून खालच्या भिंतीपर्यंत सुईची वाट फक्त २ मिमीची असते. म्हणजे कॅथेटर बाहेरच, आणि टोक पलीकडच्या भिंतीत. १५ अंशांनी शिरल्यास वाट ३.९ मिमी मिळते, पण सुईच्या दाबाने शीर चेपून निम्मी झाली की तीही १.९ वर येते. ‘रक्त दिसलं, पण कॅथेटर सरकला नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते आणि दोष टोचणाऱ्याच्या हाताला लागतो.

काप २० अंशांचा केला तर तो १.१ मिमी होतो. उघडी सुई ०.५ मिमीवर आणली की बेरीज १.६. मात्र आखूड काप बोथट वागतो, जास्त जोर मागतो आणि शीर आणखी चेपते. त्यावर उपाय म्हणजे मुख्य कापाच्या टोकाशी दोन्ही बाजूंनी घासून धार काढणे. उघडी सुई ०.५ पेक्षा कमी करायच्या मोहात पडू नका. जोडणीतली थोडी तफावतही मग कॅथेटरची कड थेट कापावर नेऊन बसवते.

हा हिशेब कॅथेटरची खालची कड आत जाण्यापुरताच आहे. वरची कड आत न्यायची तर रक्त दिसताच सुई जवळजवळ त्वचेला समांतर करून किंचित पुढे सरकवावी लागते. बाळाचा हात एवढासा. मागचा फ्लॅश चेंबर (सुई शिरेत शिरल्यावर ज्यात रक्त दिसतं तो कप्पा) जाड असेल तर तो त्वचेला टेकतो आणि कोन कमीच होत नाही. चेंबर सडपातळ ठेवा, खालची बाजू सपाट करा.

रक्त दिसायला उशीर का होतो

बाळाच्या शिरेतला दाब काही मिमी पाऱ्याइतकाच असतो. ०.२ मिमी आतल्या व्यासाच्या सुईत पृष्ठताणाचा दाब साधारण ८ मिमी पाऱ्यापर्यंत जाऊ शकतो, म्हणजे शिरेच्या दाबाच्याच तोडीचा. सुईचा आतला पृष्ठभाग ओला होणारा असेल तर हा दाब रक्ताला ओढून घेतो. सिलिकॉनचा लेप आत शिरला असेल तर तोच दाब रक्ताला अडवतो. लेप बाहेरूनच द्यावा, बुडवताना सुईतून स्वच्छ हवा सोडत राहावी.

कॅथेटरच्या कडेमागे सुईला बारीक खाच ठेवली तर रक्त चेंबरपर्यंत जाण्याआधीच सुई आणि कॅथेटर यांच्या मधल्या फटीत दिसतं. त्यासाठी कॅथेटर पारदर्शक हवा. क्ष-किरणात दिसण्यासाठी बेरियम सल्फेट सगळीकडे न मिसळता पट्ट्यांमध्ये घाला. खाचेच्या कडेला धातूचे टोकदार कंगोरे राहिले तर ते कॅथेटरला आतून ओरखडतात, आणि खाच खोल गेली तर सुई तिथेच वाकते.

भिंत, प्रवाह आणि साहित्य

प्रवाह आतल्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. आतला व्यास ०.५ वरून ०.४ मिमी झाला की त्याच दाबाला प्रवाह ४१ टक्के उरतो. दंडातून मोठ्या शिरेपर्यंत नेण्याच्या लांब, १ फ्रेंच (फ्रेंच हे नळीच्या बाहेरच्या व्यासाचं माप) कॅथेटरमध्ये हे फार जाणवतं. आतला व्यास ०.१७ मिमी, लांबी २० सेंमी, पाण्यासारखं द्रव आणि तासाला १ मिली वेग असेल तर दाब साधारण २० मिमी पारा लागतो. तोच कॅथेटर मिनिटाला १ मिली वेगाने धुवायला गेलात तर १२०० मिमी पारा. म्हणून १० मिलीपेक्षा लहान सिरिंज वापरू नये ही सूचना वेष्टनावर ठळक हवी, कारण लहान सिरिंजमध्ये अंगठ्याच्या त्याच जोराला दाब कितीतरी जास्त तयार होतो.

साहित्यात पॉलियुरेथेन बरं: टोचताना ताठ, शरीराच्या उष्णतेने मऊ. पीव्हीसी मऊ ठेवण्यासाठी वापरलं जाणारं डीईएचपी हे रसायन या बाळांच्या बाबतीत टाळाच.

हब, पंख आणि त्वचा

७०० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात रक्त साधारण ६३ मिली. जोडण्यांतली मृत जागा (जिथे जुनं द्रव भरून राहतं ती पोकळी) ०.५ मिली असेल आणि पंप तासाला ०.५ मिली चालत असेल, तर बदललेलं औषध बाळापर्यंत तासाभराने पोचतं. हबमधला (कॅथेटरच्या मागच्या, नळी जोडायच्या कठीण भागातला) प्रत्येक कोपरा भरून काढा. जोडणी आयएसओ ८०३६९-७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ल्युअरच (सिरिंज बसते ते ठरावीक शंकूसारखं तोंड) ठेवावी लागते, त्यामुळे वाचवायला जागा तिच्या पुढच्या भागातच आहे.

हबच्या बाजूचे, त्वचेवर चिकटवायचे पंख मऊ, कडा गोल. कठीण हब बारा तास एकाच जागी दाबला गेला तरी इथली त्वचा जखमी होऊ शकते. जोरकस चिकटपट्टी काढताना वरचा थर सोबत येतो. सिलिकॉनचा चिकट थर सौम्य. टोचलेली जागा झाकली जाईल असे पंख करू नका. द्रव बाहेर झिरपू लागलं तर सूज लगेच दिसली पाहिजे.

चाचणीची शीर

आराखडा तपासायला कृत्रिम शीर लागते. बाजारातली सिलिकॉन नळी जाड भिंतीची असते आणि चेपत नाही, त्यामुळे तिच्यावर कुठलीही सुई चांगली ठरते. नळी स्वतः बनवा:

१. ०.९ मिमीची गुळगुळीत स्टीलची तार द्रव सिलिकॉनमध्ये बुडवून पातळ थर द्या, सुकल्यावर पुन्हा. बोटाने हलकं दाबल्यावर नळी मिटली पाहिजे.
२. साबणाच्या पाण्यात नळी तारेवरून ओढून काढा, १० टक्के जिलेटिनमध्ये पृष्ठभागापासून २ मिमी खाली बसवा.
३. वजनाने ४० टक्के ग्लिसरीन असलेलं रंगीत पाणी भरा. त्याचा घट्टपणा रक्ताच्या जवळ जातो. बाटली ५ ते १० सेंमी उंच टांगा.

सुई यंत्राने ठरावीक वेगाने ढकलून जोराचा आलेख काढा. पहिलं शिखर टोकाचं, नंतरचं कॅथेटरच्या कडेचं. दुसरं शिखर पहिल्यापेक्षा उंच आलं तर कड जाड आहे किंवा सुईवर सैल बसली आहे. टोचल्यावर कड भिंगाखाली पाहा. उलटून फुललेली असेल तर ती शिरेला आतून खरवडणार.

ओढ सहन करण्याची चाचणी आयएसओ १०५५५-१ प्रमाणे. २०१३ च्या आवृत्तीत ०.५५ ते ०.७५ मिमी बाहेरच्या व्यासासाठी किमान ३ न्यूटन धरले होते, त्याहून बारीक नळीला आकडाच दिलेला नव्हता. १ फ्रेंच म्हणजे ०.३३ मिमी, तिथे मर्यादा तुम्हीच ठरवायची आणि आयएसओ १४९७१ च्या जोखीम नोंदीत तिचं कारण लिहायचं. बाहेर काढताना तुटून आत राहिलेला तुकडा हा तिथला सर्वांत वरचा धोका.

इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक करणार असाल तर उरलेल्या वायूची मर्यादा प्रौढांच्या वजनावर काढू नका. आयएसओ १०९९३-७ च्या २०१९ च्या दुरुस्तीत नवजात बाळांसाठी ती वजनाप्रमाणे कमी करायला सांगितली आहे. वायू निघून जायला ठेवण्याचा वेळ त्याच हिशेबाने वाढवा.