बोर्दोची रेड वाइन ठाण्याच्या उन्हाळ्यात कशी सांभाळायची आणि कशी उघडायची

फ्रान्सची चांगली वाइन घरात आली की आधी एक गोष्ट करा, किचनच्या माळ्यावर ठेवू नका. आमच्याकडे पहिली बाटली तिथेच गेली होती, घोडबंदर रोडचा आठव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली गॅस, वर माळा आणि मे महिना. जूनमध्ये काढली तर बूच दोन मिलिमीटर वर सरकलेलं आणि बाटलीच्या मानेवर चिकट ओघळ, चव घेतली तर पाक जास्त शिजलेल्या जांभळाच्या मुरांब्यासारखी. वाइनला उष्णता चढली की ती आतल्या आत शिजते, परत नीट होत नाही. भाऊजींनी एवढ्या लांबून आणलेली, मला खरंच फार वाईट वाटलं.

त्यानंतर भाऊजींनी शातो लिंच-बाज २०१० आणली (शातो म्हणजे वाइन बनवणारी इस्टेट) तेव्हा मी आधी सगळं नीट वाचून घेतलं, तेच इथे लिहितोय.

ही वाइन पोयाकची, म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या उत्तरेला जिरोंद खाडीच्या काठचं गाव. जमीन खडीची, पाणी झरकन निचरून जातं आणि वेलीची मुळं खोल जातात, कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाला तेच मानवतं, म्हणून ह्या वाइनमध्ये तेच सर्वात जास्त आणि जोडीला मर्लो, थोडं कॅबर्ने फ्रां, पेती व्हर्दो. नावातला लिंच म्हणजे आयर्लंडमधून आलेलं घराणं, १७४९ पासून पाऊणशे वर्षं इस्टेट त्यांच्याकडे होती, आणि बाज हे तिथल्या वस्तीचं नाव. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाइनची जी प्रतवारी झाली त्यात हिला पाचवी श्रेणी मिळाली, ती आजही तशीच आहे, पण जाणकार हिला त्या श्रेणीच्या कितीतरी वर मानतात आणि मला ते पटतं. १९३० च्या दशकात काझ कुटुंबाने आधी भाड्याने घेतली, मग १९३९ मध्ये विकत, आणि अजून त्याच घरात आहे. १९८५ मध्ये पात्रिक बोद्री हा फ्रेंच अंतराळवीर डिस्कव्हरी यानातून गेला तेव्हा हिची १९७५ ची छोटी बाटली सोबत घेऊन गेला होता, हे कळल्यावर आमच्या घरातला नववीतला मुलगाही लेबल वाचायला आला.

लेबलवर जे साल असतं ते द्राक्ष तोडल्याचं, बाटली भरल्याचं नाही. 'मिज आं बुतेय ओ शातो' असं लिहिलेलं असेल तर वाइन त्या इस्टेटवरच बाटलीत भरलीय, हे आवर्जून बघा. किंमत झेपत नसेल तर ह्याच इस्टेटची धाकटी वाइन आहे, इको द लिंच-बाज, ती लवकर प्यायला तयार होते आणि सुरुवातीला तीच घ्या असं मी म्हणेन. परदेशातून आणणार असाल तर ड्यूटी फ्री मर्यादा माणशी २ लिटरची, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात बसतात, फक्त एअरपोर्टहून येताना डिकीत टाकू नका, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये डिकी भट्टी होते, पायाशी एसीत ठेवा. आणि महाराष्ट्रात पिण्याचं परमिट लागतं, ते काढून ठेवा.

ठेवायची कशी? आदर्श १२ ते १४ अंश, अंधारात, आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. वाइन कूलर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या ट्रेमध्ये आडवी ठेवा, फ्रिज जरा जास्तच गार आहे पण दोन-तीन महिने चालतं, ३५ अंशांच्या कपाटापेक्षा कितीतरी बरं.

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा, जुन्या वाइनचा गाळ तळाशी बसतो. मानेवरचं फॉइल ओठाच्या खाली कापा, फडक्याने पुसा, स्क्रू मधोमध सरळ फिरवा आणि हळू ओढा, जुनं बूच भुसभुशीत असतं, घाई केली की तुटतं. तुटलंच तर धुतलेल्या मलमलीतून गाळा, चहाची गाळणी नको, तिचा वास येतो. मग मोबाइलचा टॉर्च मानेखाली धरून काचेच्या जगमध्ये एका संथ धारेत ओता, गाळाची काळपट रेघ मानेकडे येताना दिसली की थांबा. आमच्या २०१० ची ती रेघ मऊ राखेसारखी होती, शेवटचा दोन बोटं भाग बाटलीतच ठेवला. एवढ्या वयाची वाइन दोन तास मोकळी ठेवली की खुलते, पण तीस-चाळीस वर्षांची असेल तर जगमध्ये ओतून लगेच प्या, ती हवेत पटकन मावळते.

आधी वास घ्या. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच खराब, काही इलाज नाही. चांगली असेल तर ब्लॅककरंट हे छोटं काळं फळ, देवदाराचं लाकूड, पेन्सिल तासल्याचा वास. सर्व्ह करताना १६ ते १८ अंश हवं, आपल्याकडे तीस अंशांची खोली म्हणजे नुसती दारू नाकात जाते. जग गार पाण्याच्या पातेल्यात ठेवा, ग्लास एक तृतीयांशच भरा.

जेवण म्हणाल तर मटण. मटणातलं प्रोटीन आणि चरबी वाइनचा तुरटपणा मऊ करतात. पण तांबडा रस्सा नको, तिखटाने तुरटपणाही वाढतो आणि जळजळही. आम्ही सीकेपी पद्धतीचा खिमा केला, मिरची निम्मी, गरम मसाला जरा पुढे, आणि आई म्हणाली, "अरे, हे तर आपल्याच खिम्यासाठी केल्यासारखं लागतंय." बोंबील किंवा सुरमई सोबत मात्र घेऊ नका, वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल मिळून तोंडात धातूसारखी हिवस चव येते.

उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, दोन दिवस बऱ्यापैकी टिकते. आमची दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्धा ग्लास उरली होती, ती आईनेच मागून घेतली.