नव्या घरात ऊन-थंडी शिरते? आधी फटी, मग छप्पर, भिंती शेवटी

घर घेताना आपण नळ सोडून बघतो, फरशी ठोकून बघतो. छताला उष्णता अडवणारे किती थर आहेत हे कोणी विचारत नाही. आमच्या पश्चिमेच्या खोलीची भिंत रात्री जेवणं उरकल्यावरही हाताला कोमट लागायची. जो तो म्हणे, मोठा एसी घ्या. एसी उष्णता बाहेर फेकतो, आत यायची थांबवत नाही.

मी सुरुवात उदबत्तीने केली. वारा असताना पंखे बंद करून, पडदे बाजूला सारून ती चौकटींभोवती, दाराखाली, एसीच्या पाइपाच्या भोकाशी फिरवली. धूर आडवा झाला की तिथे फट. न हलणाऱ्या सांध्यांत सिलिकॉन, झडपांना रबरी पट्टी, दाराखाली ब्रश. मात्र गॅस गीझर किंवा शेगडी असेल तिथली हवेची वाट बुजवू नका; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मग छप्पर. वरच्या मजल्यावर राहत असाल तर निम्मी लढाई इथेच आहे. उष्णता अडवते ती थरात कोंडलेली स्थिर हवा. म्हणूनच 5 सेंटिमीटर थर्मोकोल साधारण 1 मीटर जाडीच्या विटांच्या भिंतीइतकी उष्णता अडवतो. पण आधी गळती बंद करा. ओली ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) म्हणजे भिजलेली गोधडी. ती दाबून कोंबूही नका, हवा गेली की गुण गेला. स्लॅबवर टाकायचं तर पाणी फारसं न पिणारा एक्सपीएस (थर्मोकोलच्या जातीचा, पण घट्ट फोमचा बोर्ड) घ्यावा. चकचकीत फॉइल लावणार असाल तर तिच्यासमोर हवेची पोकळी हवीच. सिमेंटला चिकटवलेली फॉइल काही कामाची नाही. पहिल्या काही सेंटिमीटरांत सगळ्यात जास्त फरक पडतो, पुढे तो कमी होत जातो.

खिडकीचं ऊन बाहेरच अडवा: छज्जा, चिक, झडप. आतला पडदा तापतो तेव्हा ऊन काचेतून आत आलेलं असतं. थंडी जास्त असेल तर दुहेरी काच एकेरीच्या जवळपास निम्मीच उष्णता बाहेर जाऊ देते.

भिंतींना शेवटी हात लावा. खर्च आणि धूळ दोन्ही तिथेच. जमलं तर थर बाहेरून द्या, म्हणजे तुळया आणि स्लॅबच्या कडाही झाकल्या जातात. आतून दिलात तर थंड प्रदेशात खोलीतली वाफ थरामागे जाऊन बुरशी धरते, म्हणून खोलीच्या बाजूने वाफरोधक पडदा लागतो. फोम उघडा ठेवू नका, तो पेटतो. वर जिप्सम बोर्ड हवा.

ठेकेदाराकडून दोन गोष्टी लिहून घ्या: थराची जाडी आणि मालाचा उष्णतावहनांक, म्हणजे त्यातून उष्णता किती सहज जाते तो आकडा; जितका कमी तितका चांगला. नुसतं ब्रँडचं नाव सांगून जाडीवर गप्प बसणाऱ्याला मी चहा पाजून परत पाठवलं.